घरचं औषध : किती, किती वेळ आणि कुठवर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, गटांच्या बैठकीत वाचता यावं म्हणून इथे छापत आहोत.)

आम्ही महिला गटाच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय. हातातलं काम सोडू नका. भाकरी थापत, शेंगा फोडत, लेकराला मांडीवर घेऊन ऐका. फक्त एक करा, साखरेच्या डब्यातला चमचा जवळ आणून ठेवा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आजचा विषय आपल्या सगळ्यांचा आवडता आहे, घरगुती उपाय. हळद, मध, मीठ, चिंच, तुरटी, लिंबाचा पाला. दवाखाना लांब, गाडीला पैसे नाहीत आणि रात्रीची वेळ असली की आपला हात आधी फडताळाकडेच जातो. त्यात काही चुकीचं नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या गटात जे घडलं, त्यामुळे हा विषय नीट, मापात सांगायला हवा असं आम्हाला वाटलं.

त्या दिवशी काय झालं

आमच्यातल्या एकीचा दीड वर्षाचा नातू. सकाळपासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आजीने त्याचं पाणी तोडलं, कारण "पाणी पाजलं की जुलाब वाढतात" हे तिने तिच्या सासूकडून ऐकलेलं. सुनेने मात्र रेडिओवर आमचंच बोलणं ऐकलं होतं. आम्ही सांगितलं होतं, "पाण्यात थोडं मीठ, थोडी साखर घालून पाजा." तिने तांब्याभर पाण्यात मोठा चमचा भरून मीठ आणि दोन चमचे साखर घातली. पोराने तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. दुपारी त्याचे डोळे खोल गेले, रडताना डोळ्यात पाणी येईना. आशाताई आल्या, त्यांनी तांब्यातलं पाणी चाखलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर लोणच्याचं पाणी झालं!" तसंच उचलून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाईन लावलं. पोरगं वाचलं. आज अंगणात कोंबड्यांमागे पळतंय.

त्या रात्री आम्ही बसून बोललो. सुनेचं काय चुकलं? उपाय बरोबर होता, माप चुकलं. आणि माप आम्ही सांगितलंच नव्हतं. "थोडं" म्हणजे किती? म्हणून आम्ही ठरवलं, की इथून पुढे कुठलाही घरगुती उपाय सांगताना तीन गोष्टी सांगायच्याच: किती घ्यायचं, किती वेळ करायचं आणि कुठवर, म्हणजे कधी थांबून दवाखाना गाठायचा.

साखर-मिठाचं पाणी

आता तो चमचा हातात घ्या. आमच्या बैठकीत आम्ही नऊ जणींनी आपापल्या घरचे चमचे आणले, तर एकाही जोडीचं माप जुळेना. कुणाचा चहाचा, कुणाचा पोह्यांचा, कुणाचा मसाल्याच्या डब्यातला इवलासा. म्हणून चमच्यावर विसंबू नका. लेकरांच्या औषधाच्या बाटलीवर माप असलेलं टोपण येतं, त्यावर ५ मिलीची खूण असते. ते धुऊन जपून ठेवा. तेच आपलं माप.

एक लिटर पाणी घ्या. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घरात असेल तर मोजायचा प्रश्न मिटला. पाणी उकळून गार केलेलं असावं. त्यात सपाट सहा मापं साखर आणि सपाट अर्धं माप मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सारखं केलेलं, शिगोशीग नाही. साबणाने हात धुऊन, स्वच्छ भांड्यात ढवळायचं. मग स्वतः एक घोट चाखायचा. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते ओतून द्यायचं आणि नवीन करायचं. केलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप. त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. वाटी-चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमचा चमचा सुरू करायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. खाणारं मूल असेल तर मऊ भात, वरण, पेज चालू ठेवायची. मीठ घातलेली पेज आणि ताकही चालतं. बाटलीतलं थंड गोड पेय मात्र नको. त्यातली जास्तीची साखर अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

मीठ आणि साखर दोन्ही का लागतात? जुलाबात आतड्याला नुसतं पाणी नीट शोषून घेता येत नाही. पण साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जातं. साखर कमी पडली तर ही वाट उघडत नाही. मीठ जास्त झालं तर लेकराच्या जिवाला धोका. म्हणून माप. आणखी एक लक्षात ठेवा, हे पाणी जुलाब थांबवत नाही, गेलेलं पाणी भरून काढतं. "पाजलं तरी जुलाब होतातच" म्हणून ते बंद करू नका.

सरकारी दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीट याहून चांगलं, कारण त्यात माप आधीच बांधलेलं असतं. आशाताईंकडे ते फुकट मिळतं, सोबत झिंकच्या गोळ्याही. त्या गोळ्या जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायच्या. दुकानात घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलंय का ते मुलीकडून वाचून घ्या. ओआरएससारखं दिसणारं प्रत्येक गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. घरचं साखर-मीठ कधी? पाकीट हाती येईपर्यंत.

आणि कुठवर? शौचातून रक्त पडतंय, मूल पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते, मूल मलूल पडलंय, बराच वेळ लघवी नाही. यातलं एक जरी दिसलं तरी घरचा उपाय संपला. १०८ ला फोन करा आणि वाटेतही घोट घोट पाजत राहा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर वाट बघूच नका.

हे पाणी जगभर पोचवलं कुणी?

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, माणसं जमिनीवर पडलेली. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मापात मिसळून पाकिटं तयार करवली, ते पाणी पिंपांत कालवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आया, बहिणी, आज्या पाजत बसल्या. आधी शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, तिथे आकडा चारच्याही खाली आला. महालनबीस २०२२ साली गेले. त्यानंतर २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण जाहीर केलं.

पुढे बांगलादेशातच 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत बाया पाठवल्या. त्या चुलीपाशी बसून आईला तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा घालायचा ते करून दाखवायच्या, मग तिच्याकडून करून घ्यायच्या. शिकवणाऱ्या बाईला पगार कसा मिळायचा माहीत आहे? नंतर तपासायला आलेल्या माणसाला त्या आईने किती बरोबर सांगितलं, त्यावर. आम्ही हे ऐकलं तेव्हा एकमेकींकडे बघितलं. आम्ही रेडिओवर बोललो आणि मोकळ्या झालो होतो. समोरच्या बाईला काय समजलं, ते विचारलंच नव्हतं.

हळद, भाजणं आणि विंचू

हळदीवरून आपल्या देशाने अमेरिकेत भांडण जिंकलंय. तिथे १९९५ साली हळदीने जखम भरते या गोष्टीचं पेटंट दिलं गेलं, जणू कुणी नवा शोध लावला. डॉक्टर रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांचं ज्ञान आज्यांकडेच राहिलं.

पण आजीची हळद घरी कांडलेली होती. आज सुट्या पुडीत पिवळा रंगही असतो, आणि डब्यात ओले हात जातात. म्हणून खरचटलं, कापलं तर आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणं, हे पहिलं औषध. हळद त्यानंतर, आणि तीही वरवरच्या जखमेलाच. खोल जखम, गंजका खिळा, शेणामातीत लागलेला विळा यांना हळद पुरत नाही. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन हवं. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि हळद, मिरची, चुना काहीही न लावता इंजेक्शनला जायचं, त्याच दिवशी.

भाजल्यावर आपण काय काय लावतो! टूथपेस्ट, शाई, तेल, बटाट्याचा कीस, हळद. यातलं काहीही नको. खरं औषध रांजणात आहे. भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या गार पाण्याखाली धरा. वीस मिनिटं फार वाटतात, म्हणून घड्याळ बघा. बर्फ लावू नका. अंग सुजायच्या आत बांगड्या, अंगठी, जोडवी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाका. तळहाताहून मोठं भाजलं असेल, तोंडाला, हाताला किंवा नाजूक जागी भाजलं असेल, किंवा लेकरू भाजलं असेल तर दवाखान्यातच जायचं.

विंचू चावला की कांदा चोळायचा, आघाड्याचं मूळ बांधायचं, उतारा करायचा, यात तास जातो. महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना पाहिली, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने जीव वाचतो हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळी वेळेवर पोटात गेली तर उपयोग. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, छातीत धडधड ही धोक्याची खूण. विंचू आणि साप या दोन्हींना घरचा उपाय नाही, गाडी हाच उपाय.

मध आणि तान्हं बाळ

कोरड्या खोकल्याला झोपताना चमचाभर मध, तुळशी-आल्याचा चहा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. यांनी घसा निवतो. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बारशालाही नाही आणि बाळगुटीतूनही नाही. मधात कधी कधी अशा जंतूंची बीजं असतात, की मोठ्याचं पोट ती पचवतं, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि त्याचं अंग लुळं पडू शकतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको.

बाळाच्या आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या ओवा-शेपाच्या धुरीबद्दल आमच्यातच वाद झाला. जुन्या बायकांना ती सोडवत नाही. ऊब हवी हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण ऊब आईच्या छातीशी धरूनही मिळते. धूर मात्र कोवळ्या फुप्फुसात जातो. नाळेलाही हळद, राख, तेल काही नको, ती कोरडीच ठेवायची. डोळ्यांत काजळ नको. दृष्टच काढायची असेल तर तीट तळपायाला लावा.

आणि खोकल्याची मर्यादा? लेकराचा सदरा वर करून घड्याळ धरून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष वयाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो. मध बाजूला ठेवा आणि निघा. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते.

तुरटी, जुनी साडी आणि टीसीएल पावडर

तुरटी फिरवली की गढूळ पाण्याचा गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसतं. पण नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तुरटीनंतर गाळायचं, मग खळखळून उकळायचं किंवा दवाखान्यातून मिळणारं क्लोरीनचं औषध बाटलीवरच्या मापाने घालून अर्धा तास थांबायचं.

गाळायला नवं कापड घेऊ नका. बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या चार घड्या घालून पाणी गाळायला शिकवलं. पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव साडीत अडकतात. धुऊन धुऊन साडीचे धागे फुगलेले असतात, त्यामुळे जुनी साडी नव्याहून बरी गाळते. गाळून झाल्यावर साडी धुऊन उन्हात वाळवायची. पण लक्षात घ्या, निम्मे रुग्ण कमी झाले, सगळे नाही. साडी ही पहिली पायरी, उकळणं ही दुसरी.

घासण्या-धुण्यात घरच्या वस्तू फार कामाच्या. तांब्याला चिंच-मीठ, तेलकट ओट्याला खायचा सोडा, रेशमी लुगड्याला रिठा. इथे चुकलं तर फार तर डाग राहील. पण संडास धुताना ॲसिडमध्ये टीसीएल पावडर कधीही मिसळू नका. "दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ" हा समज जीवघेणा आहे. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो. एका वेळी एकच वस्तू, दार उघडं ठेवून. ॲसिड किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. लेकराने चुकून प्यायलं तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. जाताना जाळलं ते येताना पुन्हा जाळतं. तसंच दवाखान्यात न्या, बाटली सोबत घ्या.

धान्याचंही तसंच. गहू कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर कणगीत किंवा कोठीत भरायचे, मध्ये सावलीत सुकवलेला लिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात. हे वर्षभर पुरतं. पण दुकानातून कागदात बांधून मिळणाऱ्या धान्यातल्या विषारी गोळ्या राहत्या घरात नकोतच. हवेतल्या ओलीने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंही उठत नाहीत. घरात अशा गोळ्या असतील तर त्यांना हात लावू नका, आज रात्री त्या खोलीत कुणाला झोपवू नका आणि कृषी सहायकांना बोलवा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

आम्ही आता जे केलं ते तुम्हीही करा. पुढच्या बैठकीला हप्ता घेऊन याल तेव्हा प्रत्येकीने घरचा चमचा आणि तांब्या आणा. मापाच्या टोपणाशी चमचा जुळवून बघा, एक लिटर पाणी तांब्यात कुठवर येतं ते बघून तिथे खूण करा. मग एकीने पाणी करायचं आणि सगळ्यांनी चाखायचं. खारट झालं तर हसा, ओतून द्या आणि पुन्हा करा. दोन वेळा केलं की जीभच माप लक्षात ठेवते. ज्या सासवा अजून पाणी तोडतात त्यांनाच पहिला घोट द्या. सांगून पटत नाही ते चाखून पटतं.

आमच्या त्या मैत्रिणीने, म्हणजे आजीने, आता स्वयंपाकघराच्या दाराआड कोळशाने लिहून ठेवलंय: "पाणी १ लिटर, साखर ६, मीठ अर्धं. सपाट." तिला वाचता येत नाही, नातीने लिहून दिलं. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती ते वाचून दाखवायला लावते, आणि एक आकडा चुकला तरी तिच्या लगेच लक्षात येतं.

तर बायांनो, चमचा पुन्हा डब्यात ठेवायच्या आधी शेजारणीला एकदा विचारा, "मीठ किती गं?" ती "थोडं" म्हणाली, तर तिला घेऊन बसा.

येतो आम्ही. पुन्हा भेटू.